डिस्लेक्सियाग्रस्त बालकांमधील श्रवणप्रक्रिया आणि मेंदू-उद्दीपन : एक चिकित्सक परिचय

गोषवारा

डिस्लेक्सिया ही वाचनाची अक्षमता असली तरी तिचे मूळ बऱ्याच अंशी ध्वनींच्या आकलनात आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सांगते. बोललेल्या भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेद मेंदू कोणत्या लयीत टिपतो आणि ही लय बाहेरून दिलेल्या सौम्य विद्युतप्रवाहाने सुधारता येते काय, या प्रश्नांवर इ. स. २००० नंतर महत्त्वाचे प्रयोग झाले आहेत. प्रस्तुत लेखात श्रवणप्रक्रियेची संकल्पना, मेंदू-उद्दीपनाच्या तंत्रांचे स्वरूप व बालकांवरील आणि प्रौढांवरील निवडक प्रयोगांचे निष्कर्ष यांचा परिचय करून दिला आहे. हे तंत्र डिस्लेक्सियाची कारणमीमांसा समजून घेण्यास उपयुक्त असले तरी उपचार म्हणून त्याचा पुरस्कार करण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. मराठी भाषा व देवनागरी लिपी यांच्या संदर्भात या संशोधनाचा अर्थ काय, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : डिस्लेक्सिया, श्रवणप्रक्रिया, ध्वनिजाणीव, मेंदू-उद्दीपन, अक्षर, अध्ययन अक्षमता.

१. प्रस्तावना

इ. स. १८९६ मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, खेळात मागे नव्हता, आकडेमोडही त्याला जमत असे. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. मॉर्गन यांनी या स्थितीला 'जन्मजात शब्दांधत्व' असे म्हटले. तत्पूर्वी १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द योजला होता. नेत्रतज्ज्ञाने दिलेले नाव आणि 'अंधत्व' ही संज्ञा या दोहोंवरून त्या काळचा समज स्पष्ट होतो. वाचन डोळ्यांनी होते, म्हणून न वाचता येण्याचा दोष दृष्टीशी संबंधित असला पाहिजे, असे मानले जात होते.

हा समज आजही पुरता गेलेला नाही. 'डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे' ही व्याख्या अध्यापक विद्यालयांच्या टिपणवह्यांपासून वृत्तपत्रांतील लेखांपर्यंत सर्वत्र आढळते. २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीं पर' या हिंदी चित्रपटाने या विषयाबाबत मोठी जागृती घडविली. पण पडद्यावर नाचणारी अक्षरे हीच प्रेक्षकांच्या अधिक लक्षात राहिली. संशोधनाचा प्रवाह मात्र १९७० च्या दशकापासून डोळ्यांकडून कानाकडे, अधिक नेमकेपणाने सांगायचे तर ऐकलेल्या ध्वनीवर मेंदूत होणाऱ्या प्रक्रियेकडे वळला आहे.

निरनिराळ्या भाषांतील अभ्यासांत सर्वसाधारणपणे ५ ते १० टक्के बालकांना कमीअधिक प्रमाणात डिस्लेक्सिया असल्याचे मानले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या केंद्रीय कायद्याने 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या प्रकाराला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. त्यामुळे हा विषय प्राथमिक शाळेपुरता मर्यादित राहिलेला नाही. परीक्षेतील सवलतींच्या आधारे दहावी-बारावी उत्तीर्ण होऊन असे विद्यार्थी आता आपल्या पदवीच्या वर्गांत बसतात. याच काळात 'मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन वाचन सुधारते' अशा आशयाच्या बातम्या पालकांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. मूल मागे पडत असताना हाती काही उपाय लागेल या आशेने पालक शिक्षकांकडेच विचारणा करतात. या विचारणेला जबाबदारीने उत्तर देता यावे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

२. वाचन आणि ध्वनिजाणीव

लिपी ही बोललेल्या भाषेची खूण होय. त्या खुणेतून ध्वनी आणि ध्वनीतून अर्थ असा प्रवास नवशिक्या वाचकास करावा लागतो. त्यासाठी शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला आहे, हे मुलाला जाणवावे लागते. या जाणिवेस 'ध्वनिजाणीव' असे म्हणतात. बोलताना ध्वनी एकमेकांत मिसळून एका प्रवाहात बाहेर पडतात. ते सुटे करून ऐकणे हे वरवर वाटते तितके सोपे काम नाही.

मराठीतील 'कार', 'खार', 'गार' आणि 'घार' हे चार शब्द पाहावेत. चारही शब्दांच्या आरंभी जिभेचा मागील भाग टाळूला एकाच ठिकाणी टेकतो. भेद आहे तो मुख्यतः वेळेचा व श्वासाचा. 'ग'च्या उच्चारात जीभ सुटण्यापूर्वीच स्वरतंतूंचे कंपन सुरू झालेले असते. 'क'मध्ये ते जीभ सुटताच जवळजवळ लगेच सुरू होते. 'ख'मध्ये मध्ये श्वासाचा झोत जातो आणि कंपन काहीसे उशिरा सुरू होते. 'घ'मध्ये कंपन आणि श्वास हे दोन्ही एकत्र येतात. हा सारा फरक काही दशक मिलिसेकंदांचा आहे. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतील पन्नास-साठ भागांचा. ज्या मुलाचा मेंदू हा फरक काटेकोरपणे नोंदवीत नाही, त्याला 'खार' आणि 'कार' बोलण्याच्या ओघात संदर्भाने कळतात. झाडावर चढते ती खार, हे वाक्यच सांगते. परंतु सुटे अक्षर समोर आले की संदर्भाचा हा आधार नाहीसा होतो आणि 'ख' व 'क' या दोन खुणांना जोडावयाचे दोन ध्वनी त्याच्या मनात पुरेसे वेगळे उभेच राहत नाहीत.

मराठी भाषेत क, च, ट, त, प या पाचही वर्गांत अशी चौपदरी रचना आहे. इंग्रजीत केवळ दोन पदरी भेद अर्थ बदलतो. म्हणजेच मराठी मुलाच्या श्रवणप्रक्रियेवर या बाबतीत अधिक भार पडतो. डिस्लेक्सियाचे बहुतांश संशोधन इंग्रजी, फ्रेंच, इटालियन इत्यादी भाषांत झाले आहे, हे लक्षात घेता हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

३. श्रवणप्रक्रियेतील दोष : सिद्धान्त आणि वाद

'श्रवणप्रक्रिया' आणि 'ऐकू येणे' या दोन गोष्टी भिन्न आहेत. डिस्लेक्सियाग्रस्त मुलाची श्रवणचाचणी सामान्यतः निर्दोष असते. कान आपले काम करतात. कानाकडून आलेल्या संकेतांचा क्रम, कालावधी, चढउतार व सूक्ष्म अंतरे मेंदू कशी लावतो, ही श्रवणप्रक्रिया होय.

अमेरिकन संशोधक पॉला तल्लाल यांनी १९८० मध्ये असे मांडले की, वाचन-अक्षम मुलांना झपाट्याने एकामागून एक येणारे ध्वनी ओळखण्यात अडचण येते; तेच ध्वनी संथपणे ऐकविले असता ही अडचण बरीच कमी होते. 'ब' आणि 'द' यांसारख्या व्यंजनांतील भेदही असाच क्षणिक असल्यामुळे ध्वनिजाणीव कच्ची राहते, असा त्यांचा तर्क होता. या सिद्धान्ताने मोठी चर्चा घडविली. केंब्रिज विद्यापीठातील उषा गोस्वामी यांनी २०११ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते मूळ अडचण जलद ध्वनींपेक्षा भाषेच्या संथ लयीत, म्हणजे एका अवयवावरून दुसऱ्या अवयवावर जाताना आवाजाच्या तीव्रतेत जो चढ येतो तो टिपण्यात आहे. बोलण्यातील ही लय हुकली की तिच्या आत बसणारे सुटे ध्वनीही नीट बसत नाहीत.

या दोन्ही मांडण्यांवर आक्षेप घेतले गेले. फ्रँक रामूस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या १६ विद्यापीठीय विद्यार्थ्यांची अनेकविध चाचण्यांद्वारे तपासणी केली. त्यांपैकी सर्व १६ जणांमध्ये ध्वनिजाणिवेशी संबंधित दोष आढळला. श्रवणप्रक्रियेतील दोष १० जणांमध्ये, हालचालींच्या समन्वयातील दोष ४ जणांमध्ये आणि दृष्टीविषयक दोष केवळ २ जणांमध्ये होता. नमुना लहान असला तरी हे आकडे उद्बोधक आहेत. 'अक्षरे उलटी दिसतात' या लोकप्रिय समजुतीला त्यांतून दुजोरा मिळत नाही. त्याचबरोबर श्रवणदोष हा प्रत्येक डिस्लेक्सियाग्रस्त व्यक्तीत असतोच असे नाही, हेही त्यांतून दिसते. मग श्रवणदोष हे कारण, परिणाम की केवळ सोबत आढळणारे लक्षण? कमी वाचन झाल्यामुळेही ध्वनींची जाण कच्ची राहू शकते. केवळ चाचण्यांची तुलना करून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. त्यासाठी कारणात हस्तक्षेप करून परिणाम बदलतो का, हे पाहावे लागते. मेंदू-उद्दीपनाचे संशोधन या ठिकाणी महत्त्वाचे ठरते.

४. मेंदूची लय

मेंदूतील चेतापेशींचे समूह ठरावीक लयीने एकत्रितपणे सक्रिय व शिथिल होत असतात. या चढउतारांना मेंदूची आंदोलने म्हणतात आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेल्या विद्युत्-मस्तिष्क आलेखात ती दिसतात. बोलणे ऐकत असताना श्रवण बाह्यकातील, म्हणजे कानाच्या वरच्या बाजूस असलेल्या श्रवणकेंद्रातील आंदोलने भाषेच्या लयीशी जुळवून घेतात. सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी संथ आंदोलने साधारणपणे अवयवांच्या गतीशी जुळतात, तर सेकंदाला २५ ते ३५ वेळा होणारी जलद आंदोलने सुट्या ध्वनींच्या, म्हणजे स्वनिमांच्या पातळीवर उपयोगी पडतात.

यासाठी चित्रपटाच्या फितीचे उदाहरण घेता येईल. फीत म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या स्थिर चित्रांची मालिका. चित्रे फार विरळ घेतली तर हालचालीतील बारकावे निसटतात. अतोनात घेतली तर साठवणुकीचा बोजा वाढतो. श्रवण बाह्यकही ध्वनिप्रवाहाचे असेच तुकडे पाडते. सेकंदाला ३० या गतीने एक तुकडा सुमारे ३३ मिलिसेकंदांचा होतो. 'क' आणि 'ख' यांतील फरक पकडण्यास ही जाळी योग्य आकाराची आहे.

कॅटिया लेओंग्र, ॲन-लीझ जिरो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सामान्य वाचकांमध्ये ३० हर्ट्झच्या आसपासचा प्रतिसाद डाव्या श्रवण बाह्यकात अधिक प्रबळ असतो. डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांमध्ये हे डावे प्राबल्य दिसत नाही. उलट त्यांच्यात ४० हर्ट्झपेक्षा अधिक गतीच्या ध्वनिबदलांना वाढीव प्रतिसाद मिळतो आणि त्याचा संबंध ध्वनी स्मरणात ठेवण्यातील अडचणीशी आढळतो. जाळी एकीकडे हव्या त्या आकाराची नाही आणि दुसरीकडे गरजेपेक्षा बारीक असल्याने तुकड्यांचा ढीग वाढतो, असा याचा अर्थ लावता येतो. हाही अभ्यास सहसंबंधाचाच होता. ३० हर्ट्झची लय पुन्हा बसविली तर वाचन सुधारेल काय, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न होता.

५. मेंदू-उद्दीपनाची तंत्रे

शस्त्रक्रियेविना मेंदूचे उद्दीपन करण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. चुंबकीय उद्दीपनात डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद दिले जातात. हे तंत्र अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे विकसित केले. दुसरी पद्धत एकदिश विद्युतप्रवाहाची. २००० मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथील मायकेल नित्शे व वाल्टर पाउलुस यांनी १ मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह काही मिनिटे दिल्याने मेंदूच्या हालचाल-केंद्राची उत्तेजनक्षमता बदलते, असे दाखविले आणि या पद्धतीच्या आधुनिक संशोधनास चालना मिळाली. तिसऱ्या पद्धतीत प्रवाहाची दिशा ठरावीक वारंवारतेने उलटसुलट केली जाते. त्यामुळे मेंदूच्या एखाद्या विशिष्ट लयीलाच साथ देता येते.

दुसऱ्या व तिसऱ्या पद्धतीत मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या स्पंजातील दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बांधतात आणि साधारण २० मिनिटे १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह देतात. या प्रवाहाने चेतापेशी स्वतःहून प्रज्वलित होत नाहीत. त्या प्रज्वलित होण्याचा उंबरठा मात्र किंचित खाली किंवा वर सरकतो. धनाग्राखालील भागाची उत्तेजनक्षमता सर्वसाधारणपणे वाढते, ऋणाग्राखालील घटते. मानसोपचारातील विद्युत्-आघाताशी या पद्धतीचे साम्य नाही, हे पालकांना आवर्जून सांगावे लागते. त्वचेवर मुंग्या येणे, खाज, लालसरपणा व क्वचित डोकेदुखी हे नेहमी आढळणारे त्रास होत.

प्रयोगाच्या दृष्टीने एक सोय येथे आहे. प्रवाह सुरू करून अर्ध्या मिनिटात बंद केला तरी सुरुवातीच्या मुंग्यांमुळे सहभागी व्यक्तीस उद्दीपन चालूच आहे असे वाटते. या आभासी उद्दीपनाशी तुलना करून खरा परिणाम आणि मनाची समजूत यांत भेद करता येतो. अशी तुलना ज्या अभ्यासात नाही, त्याच्या निष्कर्षास फारसे वजन देऊ नये.

६. निवडक प्रयोगांचे निष्कर्ष

६.१ बालकांमधील वाचन : रोम येथील बाम्बिनो जेझू बालरुग्णालयातील फ्लोरियाना कोस्तान्झो व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या १८ बालक-किशोरांवर प्रयोग केला. सर्वांना सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, वाचनाचे प्रशिक्षण दिले. निम्म्या गटाला त्याच वेळी डाव्या पार्श्व-शंखक भागावर धनाग्र व उजव्या बाजूस ऋणाग्र ठेवून २० मिनिटे खरे उद्दीपन, तर उरलेल्यांना आभासी उद्दीपन दिले. खऱ्या उद्दीपनाच्या गटात क्वचित वापरले जाणारे शब्द आणि निरर्थक शब्द यांच्या वाचनात सुधारणा दिसली व ती प्रशिक्षण संपल्यानंतर महिन्याभरानेही टिकून होती. निरर्थक शब्द हे येथे महत्त्वाचे आहेत. कारण ते पाठांतराने वा संदर्भाने वाचता येत नाहीत, खुणेवरून ध्वनी जुळवूनच वाचावे लागतात.

६.२ बालकांमधील श्रवणप्रक्रिया : इराणमधील रहिमी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या बालक-किशोरांच्या श्रवणप्रक्रियेवरच लक्ष केंद्रित केले. सलग गोंगाटात मध्येच काही मिलिसेकंदांचा खंड ठेवला असता तो ओळखता येतो का, ही कालभेदाची चाचणी त्यांनी वापरली. डाव्या श्रवण बाह्यकाच्या परिसरावर धनाग्र ठेवून उद्दीपन दिल्यानंतर मुलांना आधीपेक्षा लहान खंड ओळखता आले आणि भाषिक ध्वनीला मेंदूकडून मिळणाऱ्या विद्युत् प्रतिसादातही बदल नोंदविला गेला. हे बदल उद्दीपनानंतर लगेच मोजलेले होते. त्यांचा वाचनावर काय परिणाम झाला, हा या अभ्यासाचा विषय नव्हता.

६.३ लयीचा शोध : सिल्व्हिया मार्केसोत्ती, ॲन-लीझ जिरो व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जिनिव्हा येथील अभ्यास 'प्लॉस बायॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध केला. डिस्लेक्सिया असलेल्या १५ प्रौढांना व १५ सामान्य वाचकांना डाव्या श्रवण बाह्यकावर २० मिनिटे ३० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह दिला. डिस्लेक्सियाच्या गटात ध्वनिजाणीव व वाचनातील अचूकता यांत उद्दीपनानंतर लगेच सुधारणा दिसली. ज्यांचे वाचन सर्वांत कच्चे होते त्यांच्यात ती अधिक होती. ६० हर्ट्झचा प्रवाह दिला असता असा लाभ झाला नाही. सामान्य वाचकांपैकी उत्तम वाचकांच्या कामगिरीत तर ३० हर्ट्झने किंचित अडथळाच आला.

तिन्ही प्रयोगांपैकी कारणमीमांसेच्या दृष्टीने हा अखेरचा प्रयोग सर्वांत बोलका आहे. कोणत्याही विद्युतप्रवाहाने तरतरी येऊन वाचन सुधारत असते, तर ६० हर्ट्झनेही ते सुधारले असते. विशिष्ट जागी, विशिष्ट लय पुरविली असताच ध्वनिजाणीव सुधारते, यावरून ही लय आणि ध्वनिजाणीव यांत कार्यकारणाचे नाते असावे, या मताला बळ मिळते. चाळीस वर्षे चाललेल्या वादात हा वजनदार पुरावा आहे.

७. मर्यादा आणि इशारे

कारण समजणे आणि उपचार हाती येणे यांत मोठे अंतर असते. वरील प्रयोगांबाबत पुढील मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली मर्यादा नमुन्याच्या आकाराची. १५ किंवा १८ व्यक्तींवरील निष्कर्ष ही दिशा असते, खात्री नव्हे. दुसरी मर्यादा कालावधीची. एका बैठकीनंतर लगेच दिसलेला बदल मुलाच्या शालेय वर्षावर काही परिणाम करील की नाही, हे त्यावरून ठरत नाही. तिसरी मर्यादा वयाची. ३० हर्ट्झचा प्रयोग प्रौढांवर झाला. बालकांच्या मेंदूची आंदोलने वयानुसार बदलत असतात. त्यांची कवटी पातळ असल्यामुळे तेवढ्याच प्रवाहाने त्यांच्या मेंदूत अधिक तीव्र विद्युत्-क्षेत्र निर्माण होऊ शकते. प्रौढांचे मोजमाप जसेच्या तसे मुलांना लावणे म्हणूनच योग्य नाही. चौथी बाब लाभाच्या दुसऱ्या बाजूची. उत्तम वाचकांना त्याच प्रवाहाने अडथळा झाला, यावरून हे उद्दीपन टॉनिकाप्रमाणे सर्वांना सारखे लाभत नाही हे उघड आहे. ज्या मुलाची अडचण श्रवणप्रक्रियेत नाही, त्याला ते निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरू शकेल. रामूस यांच्या १६ पैकी ६ विद्यार्थ्यांत श्रवणदोष नव्हता, हे येथे पुन्हा आठवावे.

या क्षेत्राचा इतिहासही सावध करणारा आहे. तल्लाल व मायकेल मर्झेनिच यांच्या गटाने १९९६ मध्ये 'सायन्स'मध्ये संगणकाद्वारे संथ केलेल्या भाषिक ध्वनींच्या सरावाचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेला 'फास्ट फॉरवर्ड' हा कार्यक्रम अल्पावधीत बाजारात आला आणि अनेक देशांत विकला गेला. जेमा स्ट्राँग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नियंत्रित अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या कार्यक्रमाने मुलांचे वाचन वा भाषा सुधारते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. दरम्यानच्या पंधरा वर्षांत पालकांनी पैसा खर्च केला आणि त्याहून मोलाची, मुलांच्या शिकण्याच्या वयातील वर्षे खर्च झाली. प्रयोगशाळेतील आश्वासक निष्कर्ष बाजारात किती लवकर पोहोचतो व त्याची कसोटी किती उशिरा लागते, याचे हे उदाहरण होय.

याउलट, ज्याचा पुरावा भक्कम आहे असा उपाय साधा आहे. कॅथरिना गालुश्का व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२ यादृच्छिक नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेतला. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पायरीपायरीने, उघडपणे शिकविणाऱ्या अध्यापनाचा वाचन व लेखन या दोहोंवरील परिणाम तेवढाच संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाला; नुसत्या श्रवण-प्रशिक्षणाचा झाला नाही. रोमच्या प्रयोगातही उद्दीपन हे वाचन-प्रशिक्षणाच्या जोडीला होते, हे विसरून चालणार नाही. प्रवाहाने फार तर जमीन भुसभुशीत होत असेल. पेरणी शिक्षकालाच करावी लागते.

८. मराठी भाषा आणि आपला वर्ग

देवनागरी ही अक्षरप्रधान लिपी आहे. 'कि' या एका खुणेत व्यंजन व स्वर एकत्र असतात, म्हणजे वाचक अवयव आणि स्वनिम या दोन पातळ्यांवर एकाच वेळी वावरत असतो. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनाच्या अभ्यासात असे दिसले की, अशा लिपीत मुले अवयव लवकर ओळखतात, पण सुट्या स्वनिमांची जाणीव सावकाश विकसित होते आणि संपूर्ण अक्षरज्ञानास काही वर्षे लागतात. बाराखडी व जोडाक्षरे शिकणाऱ्या मराठी मुलाची वाटचालही रचनेच्या दृष्टीने याच जातीची आहे. तेव्हा आपल्या मुलांच्या बाबतीत गोस्वामी यांनी सांगितलेली संथ लय अधिक निर्णायक ठरेल की जिरो यांच्या गटाने शोधलेली जलद लय, हा खुला प्रश्न आहे. पाश्चात्त्य भाषांतील उत्तर येथे उसने घेता येणार नाही.

निदानाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. वऱ्हाडी बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो. अनेक बोलींत 'पाणी'चे 'पानी' होते. असे उच्चार करणाऱ्या मुलाच्या वहीत प्रमाणलेखनाच्या चुका दिसतील, पण त्या बोलीच्या आहेत. श्रवणदोषाशी त्यांचा संबंध नाही. 'जरा' या शब्दात 'ज'चा एक उच्चार केला तर 'थोडे' आणि दुसरा केला तर 'वार्धक्य' असा अर्थ होतो, मात्र लिपी दोहोंसाठी एकच खूण वापरते. अशा स्थळी चुकणे स्वाभाविक आहे. चाचणी मराठी मुलांसाठी, मराठीतच तयार झालेली असावी लागते ती याचसाठी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेली 'डाली' ही चाचणीमाला हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही उपलब्ध झाली, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

श्रवणप्रक्रियेच्या संशोधनातून वर्गासाठी एक सरळ निष्कर्षही निघतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेन हॉर्निकेल, नीना क्राउस व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डिस्लेक्सियाग्रस्त मुलांना शालेय वर्षभर असे साधन दिले, ज्यातून शिक्षकाचा आवाज ध्वनिग्राहकाद्वारे थेट त्यांच्या कानात पोहोचत असे. वर्षअखेरीस ध्वनीला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद अधिक सुसंगत झाला आणि ध्वनिजाणीव व वाचन यांतही प्रगती दिसली. कवटीवर इलेक्ट्रोड न लावता, केवळ स्पष्ट ऐकू आल्याने मेंदूचा प्रतिसाद बदलला, हे विचार करण्यासारखे आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, पत्र्याचे छप्पर, शेजारच्या वर्गातील सामूहिक पाढे आणि रस्त्यावरील वाहने अशा वातावरणात 'ख' आणि 'क' यांतील पन्नास मिलिसेकंद कोणत्या मुलाच्या वाट्याला प्रथम हरवतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा मुलाला पुढे बसविणे, शिक्षकाने त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलणे व वर्गातील गोंगाट कमी करणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

महाविद्यालयीन स्तरावर आपली जबाबदारी दुहेरी आहे. आपल्या वर्गातील डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी वाचून जे मिळवू शकत नाही ते ऐकून मिळवू शकतो. पण जलद, अस्पष्ट व्याख्यान आणि त्यातून टिपणे उतरवून घेण्याची सक्ती या दोहोंनी त्याची कोंडी होते. व्याख्यानाचा आराखडा आधी देणे, नव्या संज्ञा फळ्यावर लिहून त्यांचा उच्चार अवयवशः करणे आणि ध्वनिमुद्रणास मुभा देणे एवढे प्रत्येक प्राध्यापकास करता येईल. दुसरी जबाबदारी शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व भाषाविज्ञान या विभागांची आहे. मराठीतील सघोष-अघोष व अल्पप्राण-महाप्राण भेद डिस्लेक्सियाग्रस्त मुले कसे ऐकतात, याच्या पायाभूत नोंदी लघुशोधप्रकल्पांतूनही होऊ शकतात. अशा नोंदींवाचून मराठी मुलांवरील उद्दीपनाच्या प्रयोगांना आधारच राहणार नाही.

९. समारोप

मेंदू-उद्दीपनाच्या प्रयोगांनी डिस्लेक्सियाच्या आकलनात मोलाची भर घातली आहे. डाव्या श्रवण बाह्यकाची लय आणि ध्वनिजाणीव यांचे नाते त्यांनी पूर्वीपेक्षा ठळक केले. मुलाच्या न वाचण्यामागे आळस किंवा हट्ट आहे, या समजुतीस यापुढे शास्त्रीय आधार उरलेला नाही. मात्र या प्रयोगांना उपचाराचा दर्जा देण्याची वेळ आलेली नाही. नैतिक समितीच्या मान्यतेने, पालकांच्या लेखी संमतीने व मुलाच्या होकाराने चाललेल्या संशोधनात सहभाग घेणे ही एक गोष्ट आहे आणि शुल्क आकारून वाचन सुधारण्याची हमी देणाऱ्या केंद्रात मुलास नेणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. पालकाने विचारल्यास शिक्षकाने हा फरक स्पष्ट सांगावा. आभासी उद्दीपनाशी तुलना झाली होती का, किती मुलांवर झाली, परिणाम किती काळ टिकला, हे तीन प्रश्न विचारण्यास त्यांना शिकवावे. तोपर्यंत मुलाला मातृभाषेतून, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालीत, शांत जागी रोज थोडा वेळ वाचावयास शिकविणे हा भक्कम पुराव्याचा मार्ग आहे. तो सावकाशीचा असला तरी आपल्या प्रत्येक शाळेच्या आवाक्यातील आहे.